कोलांटीचं देणं

पुढाऱ्याने पक्ष बदलला की वर्तमानपत्रवाल्यांना 'कोलांटउडी' हा शब्द हटकून आठवतो. चांगला शब्द त्या मंडळींनी नासवला. मला तो वाचला की पुढारी दिसत नाही. नांगरून टाकलेलं रान दिसतं आणि गुडघ्यापर्यंत धोतर खोचलेला एक काटक माणूस ओरडताना ऐकू येतो, "मान चोर रं, मान चोर!" जातीने डोंबारी. गावात त्याला कुणी नावाने हाक मारत नसे, आम्ही पोरं 'बाबा' म्हणायचो. माझ्यावर ज्यांचं देणं आहे अशा माणसांची यादी करायची तर पहिला नंबर आईबापांचा, हे उघडच आहे. दुसरा या बाबाचा. आणि त्याच्या पाठोपाठ एका गुरुजींचा, ज्यांना आयुष्यात एक कोलांटी मारता आली नसती.

माळशिरस तालुका नकाशावर एक असला तरी आत दोन मुलूख आहेत. नीरा उजव्या कालव्याचं पाणी जिथे पोचलं तिथे ऊस, कारखाने, अकलूज, माळीनगर. जिथे पोचलं नाही तिथे माणदेशाचा शेजार, ज्वारी, मेंढरं आणि माळ. आमचं गाव दुसऱ्या मुलखातलं, नातेपुत्याच्या अलीकडचं. आषाढात माउलींची पालखी धर्मपुरीला जिल्ह्यात शिरायची आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करत पंढरपूरकडे जायची. वर्षातली आमची गजबज तेवढीच. बाकी जी करमणूक व्हायची ती माळावर उतरणाऱ्या लोकांकडून. रब्बीची सुगी उरकली, खळी उठली की एकेक येत. नंदीवाला, बहुरूपी, वैदू, आणि डोंबारी.

डोंबाऱ्याची पालं ओढ्याच्या अलीकडे पडत. दोन गाढवं, कुत्री, चुलीवर काळं गाडगं. खेळ मारुतीच्या देवळासमोर व्हायचा. बायको ढोलकं बडवायची, थोरली पोरगी हातात काठी आडवी धरून दोरावर चालायची आणि धाकटं पोर थाळी फिरवायचं. सगळं गाव दोराकडे बघायचं. मी बाबाकडे बघायचो, कारण खेळ सुरू व्हायच्या आधी तो जे करायचा त्याकडे कुणाचंच लक्ष नसे. तो जमिनीवर उकिडवा बसून सगळी जागा तळहाताने चाचपायचा. खडा सापडला की उचलून काठावर टाकायचा, काचेचा तुकडा असला तर कनवटीला लावायचा. मग एका जागी टाच दाबून बघायचा. कडक लागली तर तांब्याभर पाणी मारून ती मऊ करून घ्यायचा. उड्या नंतर. आधी भुईशी बोलणी.

मी तिसरीत होतो. मला ती उडी हवी होती. आज्जीने दिलेल्या भाकरीतली अर्धी भाकरी आणि तोंडी लावायला चटणी, ही माझी फी. ती हातात ठेवली तेव्हा बाबा हसला. "धाकलं मालक, उडी मागनं शिक. आदी पडाया शिक."

पुढे पंधरवडाभर मी नांगरलेल्या रानात नुसता पडत होतो. पालथा पडू नकोस, हात ताठ ठेवून टेकू नकोस, मनगट जातं. हनुवटी छातीला चिकटव. डोकं भुईला लागताच कामा नये, लागायचा तो खांदा, आणि खांद्यापासून तिरपं उलट्या कुल्ल्यापर्यंत अंग फिरलं पाहिजे. दात आवळ, जीभ आत घे, श्वास सोड. "दम धरून पडलास तर मडकं, दम सोडून पडलास तर चेंडू." हे वाक्य मला अजून तसंच्या तसं आठवतं. पुढे शास्त्राच्या पुस्तकात धक्क्याचा वेळ वाढवला की जोर कमी होतो असं शिकलो तेव्हा त्यात नवीन काही वाटलं नाही. ज्यूदोत पहिले दिवस पडण्याचेच असतात आणि छत्रीधारी सैनिकाला जमिनीला पाय लागल्यावर गडगडत जायचं शिकवतात, हेही नंतर कळलं. बाबाकडे पुस्तक नव्हतं. त्याच्याकडे मोडलेल्या हाडांची पिढीजात आठवण होती.

आमच्या आजोबांना हे कळलं तेव्हा घरात जे रामायण झालं ते सांगण्यात अर्थ नाही. घराण्याची अब्रू वगैरे. तेव्हा भटक्या माणसाकडे बघण्याची नजरच तशी होती. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड जमातीच्या जमाती कोंडणारी सेटलमेंट होती. जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा तो इंग्रजी कायदा 31 ऑगस्ट 1952 ला उठला, पण कायदा उठला म्हणून पाटलाच्या डोळ्यातला संशय उठत नाही. गावात कोंबडी हरवली की पहिला माणूस पालांकडे धावायचा. माझं रानात जाणं बंद झालं. पण तोवर अंगाला जे कळायचं ते कळून गेलं होतं.

हे कोणत्या वर्षी झालं ते मला नक्की सांगता येतं, आणि या नक्कीपणाचा पुढे उपयोग झाला म्हणून नोंदवतो. त्याच मुक्कामात महाराष्ट्र झाला. 1 मे 1960. शाळेत झेंडा लागला, साखर वाटली, आणि गुरुजींनी डोंबाऱ्याला बोलावून शाळेच्या पटांगणात खेळ करायला लावला. आजोबा सरपंचांच्या शेजारी खुर्चीवर बसले होते आणि खेळ संपल्यावर चार आणे त्यांनीच दिले.

ते गुरुजी म्हणजे माझे तिसरे धनको. पुढे हायस्कुलात त्यांनीच मला इंग्रजी शिकवलं. शाळेच्या कपाटात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश होता, 1857 ची दुसरी आवृत्ती, पाठ उसवलेली. गुरुजींचं म्हणणं असं की मराठी मुलाने इंग्रजी शिकायचं तर मराठीकडून शिकावं. ओळखीचा शब्द काढायचा आणि साहेबाला तो कसा दिसला ते बघायचं. मी अर्थातच 'डोंबारी' काढला. समोर 'टंबलर' लिहिलेलं. मला तोवर टंबलर एकच माहीत होता, मुंबईच्या पाहुण्यांनी आणलेला काचेचा पेला. मी बुचकळ्यात पडलो. बाबा म्हणजे पेला?

गुरुजींनी उत्तर लगेच दिलं नाही. तालुक्याला गेले की ते कुठकुठली पुस्तकं धुंडाळत, आणि कधी महिन्याने एखादी चिठ्ठी माझ्या वहीत ठेवत. त्या शब्दाची कुळकथा मला अशी हप्त्याहप्त्याने मिळाली. पुढे आयुष्यभर इंग्रजी शिकवताना मी तीत भर घालत गेलो.

'टंबल' म्हणजे पडणं, गडगडणं, असं आपण पाठ करतो. मुळात तो शब्द पडण्याचा नव्हताच. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'टुंबियन' म्हणजे नाचणं, उड्या मारत नाचणं. त्या काळी बायबलमधल्या शुभवर्तमानांचं इंग्रजीत भाषांतर झालं. हेरोद राजाच्या वाढदिवसाला हेरोदियाची मुलगी नाचते आणि बक्षीस म्हणून योहानाचं मुंडकं मागते, तिथे भाषांतरकाराने हेच क्रियापद वापरलं. त्याच्या डोळ्यासमोर नाच म्हणजे उड्याच असाव्यात. फ्रान्समध्ये रूआंच्या कॅथेड्रलच्या दारावर तेराव्या शतकात कोरलेली ती मुलगी चक्क हातांवर उलटी उभी आहे, पाय हवेत. आमच्या देवळासमोर दोर बांधणाऱ्या पोरीने तिला लगेच ओळखलं असतं. जर्मन भाषेत याच गोतातला शब्द झोकांड्या खाण्यासाठी राहिला. फ्रेंचांनी तर कमाल केली. त्यांचं 'तोंबे' आज साधं पडणं झालंय, पानं पडतात, सरकार पडतं, सगळ्याला तेच. पण त्याचे पूर्वज उड्या मारून नाचत होते. म्हणजे आधी माणूस खेळ म्हणून, मुद्दाम पडत होता. चुकून पडण्याला शब्द नंतर उसना घेतला.

पेल्याचं कोडंही सुटलं. जुन्या टंबलर पेल्याचं बूड गोल किंवा टोकदार असे. भरलेला पेला खाली ठेवला की कलंडणार, म्हणून हातातच धरून संपवायचा. दारुड्यांची सोय, नाहीतर घरमालकाची. नाव राहिलं, बूड सपाट झालं. हा पेला साहेबाबरोबर हिंदुस्थानात आला, खानसाम्यांच्या तोंडी 'टमलेट' झाला, आणि आपलं मराठी टमरेल हेही त्याच घराण्यातलं, असं जाणकार सांगतात. हेरोदाच्या दरबारातून निघालेला शब्द पहाटे आमच्या ओढ्याकाठी हातात धरून नेला जात होता! गुरुजी स्वभावाने गंभीर, पण हे सांगताना त्यांनासुद्धा हसू आवरलं नव्हतं.

मग कबुतरं. हवेत उलट्या खाणाऱ्या ज्या कबुतरांना आपण गिरेबाज म्हणतो त्यांना इंग्रज टंबलर म्हणतो. लोटण नावाची आपल्याकडची एक जात तर जमिनीवरच कोलांट्या घेत सुटते, नुसतं हलवून खाली ठेवायचा अवकाश. अबुल फज्लने 'आईन-इ-अकबरी'त तिचं नाव घेतलंय आणि डार्विनने 1868 च्या ग्रंथात, पाळीव प्राण्यांत पिढ्यान् पिढ्या काय उतरतं याची चर्चा करताना, तिचा दाखला दिलाय. कुलपातल्या खिट्ट्या टंबलर, कपडे वाळवणारं गरगरतं यंत्र टंबल ड्रायर. निवृत्तीच्या सुमारास एका विद्यार्थिनीने पुण्याहून घेतलेल्या स्वेटरची चिठ्ठी मला दाखवली होती. "सर, 'टंबल ड्राय करू नका' म्हणजे वाळताना पाडू नका का?" वर्ग हसला. मी तास सोडून दिला आणि घंटा होईपर्यंत डोंबाऱ्याची गोष्ट सांगितली.

आता मराठीकडे बघा. उड्या मारणाऱ्यांची आपल्याकडे दोन नावं, डोंबारी आणि कोल्हाटी. गाव त्यात फारसा फरक करत नाही आणि सरकारी यादीतही ती भटक्या जमातींत शेजारी शेजारी येतात. 'कोल्हाट' म्हणजे त्यांचा तो लांब बांबू, ज्याच्या आधाराने उडी घ्यायची, असं रसेल आणि हिरालाल यांनी 1916 सालच्या आपल्या ग्रंथात नोंदवलंय. त्यावरून कोल्हाटी, आणि कोल्हाट्याची उडी ती कोल्हांटउडी, कोलांटउडी, कोलांटी. इंग्रजाने कृतीवरून माणसाचं नाव पाडलं. आपण माणसावरून कृतीचं पाडलं. शाळेच्या पी.टी.च्या तासाला मराठी मुलं जी पहिली उडी शिकतात तिच्यात एका जातीचं नाव आहे, आणि त्या जातीची मुलं त्या तासाला हजर नसतात.

एकनाथांना हे लोक दिसले होते. त्यांच्या भारुडांत कोल्हाटीणही आहे. नाथांनी तिला देवळासमोर उभं करून बोलायला लावलं, हे सोळाव्या शतकात. त्यानंतर आपण काय केलं? बांबूवरची उडी पोट भरेना तशा कोल्हाट्यांच्या कितीतरी बायका संगीतबारीकडे आणि तमाशाकडे वळल्या. त्यांच्यातल्याच यमुनाबाई वाईकरांनी बैठकीची लावणी अशी गायली की 1977 साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि 2012 साली पद्मश्री. आमच्याच तालुक्यात अकलूजला लावणीच्या स्पर्धा भरू लागल्या, त्यांना घरंदाज बायकाही येऊन बसल्या, हे मोठंच काम झालं. पण दिवा कुठे होता आणि अंधार कुठे, ते करमाळा तालुक्यातल्या किशोर शांताबाई काळे यांनी 1994 साली 'कोल्हाट्याचं पोर' लिहून दाखवलं. बापाच्या नावाच्या जागी आईचं नाव लावणारा हा मुलगा डॉक्टर झाला आणि 2007 साली अपघातात गेला. ते पुस्तक मी एका बैठकीत वाचलं आणि दुसऱ्या दिवशी शिकवायला गेलो नाही. दोरावरच्या त्या पोरीचं पुढे काय झालं असेल हा विचार मी तोवर टाळत आलो होतो.

मी डोंबाऱ्याच्या खेळाचे गोडवे गातोय असं कुणी समजू नये. आठ वर्षांच्या पोरीला दोरावर चढवणं वाईटच, तिने शाळेत असायला हवं. खेळ बंद पडला याचं मला दुःख नाही. खेळ बंद पडला आणि त्याच्या जागी काही आलं नाही, हे वाईट. हेच कसब 1932 साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये 'टंबलिंग' म्हणून स्पर्धेत होतं, फक्त त्या एकाच वेळी, आणि रोलंड वुल्फ नावाच्या अमेरिकन तरुणाने त्यात सुवर्णपदक घेतलं. आजही त्याच्या जागतिक स्पर्धा होतात. पंचवीस मीटर लांबीची स्प्रिंगची पट्टी असते, खाली गादी, पुढे गादी, बाजूला प्रशिक्षक. बाबाकडे तांब्याभर पाणी होतं.

आता मूळ देण्याकडे येतो. मी नुकता नोकरीला लागलो होतो. अकलूजहून संध्याकाळची एस.टी. चुकली म्हणून उसाच्या ट्रॉलीवर बसून निघालो. बसलो म्हणजे मोळ्यांच्या शेंड्यावर, जिथे कुणी शहाणा बसत नाही. माळीनगरच्या अलीकडे ट्रॉलीचं चाक खड्ड्यात गेलं, मोळ्या सरकल्या आणि मी पाठमोरा, डोक्याकडून खाली आलो. विचार करायला वेळ नव्हता. पण हनुवटी छातीला लागली होती, श्वास सुटला होता, आणि मी डांबरी रस्त्यावरून तिरपा गडगडत साइडपट्टीच्या मातीत जाऊन उठून बसलो, हे मला आठवतं. खांद्याचं हाड मोडलं. हाड बसवणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "तालमीत जात होता का? या उंचीवरून असे पडलेले मान मोडून येतात, येतच नाहीत म्हणा ना." मी म्हटलं, तालमीत नाही, डोंबाऱ्याकडे. त्यांना वाटलं मला अजून गुंगी आहे.

बरा झाल्यावर मी बाबाच्या माणसांचा शोध घेतला. शिखर शिंगणापूरच्या यात्रेत, पिलीवच्या यात्रेत विचारलं. कुणी म्हणे फलटणकडे, कुणी म्हणे कर्नाटकात. खरं सांगायचं तर शोध तसा बेताचाच होता. संसार, बदल्या, मुलांची शिक्षणं. देणेकरी स्वतःला जी कारणं सांगतो ती सगळी मी सांगितली.

गाठ पडली ती निवृत्तीनंतर, आणि तीही त्यांच्या बाजूने. एक तरुण घर विचारत आला. बाबाचा नातू. आता एका गावाच्या कडेला पत्र्याचं घर होतं, मुलगी बारावीला पोचली होती, घराण्यातली पहिलीच. तिला जातीचा दाखला हवा होता. विमुक्त आणि भटक्या जमातींना महाराष्ट्रात दाखला काढताना 21 नोव्हेंबर 1961 या तारखेच्या आधीपासून आपलं घराणं राज्यात राहतंय हे दाखवावं लागतं. वाचताना काही गैर वाटत नाही. पण ज्याचं घर गाढवावर होतं त्याच्याकडे 1961 चा सातबारा कुठून यावा? आजोबा शाळेत गेले नाहीत म्हणून निर्गम उतारा नाही. जन्म पालात झाला म्हणून नोंद नाही. कागद मागणाऱ्याचा यात दोष नाही, त्याला नियम आहे, पण खेपा घालून हा पोरगा रडकुंडीला आला होता. बाप मरताना सांगून गेला होता म्हणे, त्या गावात एक मास्तर आहे, त्याला आज्ज्याने उडी शिकवलीय.

"तुमास्नी आमचा आज्जा आठवतो का, सर?"

मी त्याला खांदा दाखवला.

कागदपत्र नसलं तर गृहचौकशी करता येते, आसपासच्या जाणत्या माणसांचे जबाब घेता येतात. मी जबाब दिला. समोरच्या अधिकाऱ्यांनी रीतसर विचारलं, इतक्या जुन्या गोष्टीचं साल कशावरून सांगता? मी सांगितलं, महाराष्ट्र झाला त्या दिवशी या मुलीच्या पणज्याने आमच्या शाळेत खेळ केला, आणि मी तो बघितला. गावातले माझ्या वयाचे आणखी दोघं उभे राहिले. एकाला तर माझ्या आजोबांनी दिलेले चार आणेसुद्धा आठवत होते. हे सगळं जमायला बराच काळ गेला, पण दाखला झाला. मुलगी नर्सिंगला आहे.

याने देणं फिटलं असं मी मानत नाही. मान वाचवणाऱ्याचं देणं एका सहीने कसं फिटेल? शिवाय सही करण्यात माझं काय गेलं, एक दुपार आणि एस.टी.चं भाडं.

ज्यांनी वयाची सत्तरी ओलांडली आहे त्यांना एवढंच सांगायचं आहे. तुमच्या लहानपणी गावच्या माळावर कोण उतरत होतं ते आठवून बघा. डोंबारी, कोल्हाटी, वैदू, नंदीवाले, गोपाळ, जो कुणी असेल तो. कोणत्या ऋतूत यायचे, देवळासमोर काय करायचे, त्यांच्यातल्या कुणाची नावं कानावर होती, आणि वर्ष पक्कं करता येईल अशी कोणती गोष्ट त्याच सुमाराला घडली होती, हे एका कागदावर लिहून खाली सही करून ठेवा, आणि घरातल्या कुणाला तरी तो कागद कुठे आहे ते सांगून ठेवा. 1961 च्या आधीचं आठवणारी माणसं आता गावात थोडी उरली आहेत, आणि त्या तारखेचा दाखला मागायला येणारी मुलं अजून बरीच आहेत.